सगुणाच्या हाताचं माप

"हात सैल सोडा, सगुणाताई," मी म्हणाले, तर तिने हात उलट मागेच ओढून घेतला.

केरबा गिरणीवाल्याच्या घरी सोप्यात चटई टाकून मी बसले होते. पुढ्यात बांगड्यांची पेटी, शेजारी तेलाची वाटी. सगुणा ही केरबाची बायको. तिच्या भाच्याचं बोरगावला लग्न होतं, आणि नवऱ्या मुलाची आत्या म्हणून ती हिरवा चुडा भरून जाणार होती. चार दिवसांपूर्वीच मी येऊन तिचं माप घेऊन गेले होते. एरवी गावातल्या कुठल्या बाईचं माप मला विचारावं लागत नसे, पण सगुणा अलीकडे अंगाने भरली होती आणि जुनं सव्वादोनचं माप चालेलसं वाटेना. म्हणून त्या दिवशी मी तिचा हात चांगला दाबून, बोटांची मोळी करून पाहिला होता. हाडं मऊ होती. सव्वादोनच चालणार होतं.

आज ती अंग चोरत होती. मी पुन्हा हात धरला आणि पदर बाजूला केला.

मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला अंगठ्याएवढा जांभळा डाग होता. बाहेरच्या बाजूला एकाखाली एक तीन बोटांचे ठसे. दुसऱ्या हातावर कोपराजवळ पंजाएवढं काळंनिळं पडलेलं. शिवाय दोन्ही हातांवर मोहरीएवढे तांबडे ठिपके होते, पुष्कळ. ते मी डासांच्या नावावर टाकले आणि बोटांच्या ठशांकडे पाहत राहिले.

मी कासारीण. रहिमतपुरात आमचं दुकान एसटी स्टँडसमोर. माझे मालक दुकान बघत आणि घरोघर जाऊन बांगड्या भरायचं काम माझ्याकडे. माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट काच शिरल्यापासून ताठ झालंय, वाकत नाही, तरी माझ्याइतक्या अलगद बांगड्या भरणारी पंचक्रोशीत नाही असं बायका म्हणत आणि ते मला आवडत असे. बाई कितीही झाकू दे, हात हातात आला की मला घर कळायचं. कुणाला भाकऱ्या किती थापाव्या लागतात, कुणाच्या हातून घागर सुटत नाही, कुणाला मार बसतो. सासूबाईंनी मला या कामावर पाठवताना एकच गोष्ट बजावली होती, की हातावर काही दिसलं तरी विचारायचं नाही आणि बाहेर बोलायचं तर मुळीच नाही. लोक आपल्याला लेकीसुनांचे हात धरू देतात ते याच भरवशावर, असं त्या म्हणत.

बारा वर्षं मी ते पाळलं होतं. पाळलं म्हणून पेठेतली पुष्पा गेली होती. तिच्या हातावर चिमट्याचे चटके मी तीनदा पाहिले, तीनदा मुकाट बांगड्या भरल्या आणि घरी आले. चौथ्या वेळी तिला विहिरीतून काढलं. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं होतं की पुन्हा गप्प बसायचं नाही. पुष्पाच्या नावाने मी सगुणाचं वाटोळं करायला निघाले होते, हे तेव्हा मला कोण सांगणार.

तेवढ्यात केरबा आत आला. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरा, आणि आवाज तर पेठेच्या टोकापर्यंत जाणारा.

"गोळी घेतली का?" तो ओरडला.

"घेतली न्हवं," सगुणा म्हणाली.

"न्याहारी झाल्यावर का आधी?"

"झाल्यावर."

तो मान हलवून निघून गेला आणि परत गिरणीची घरघर सुरू झाली. सगुणाने हसून मला सांगितलं, की दोन महिन्यांमागं चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी प्रेशर काढलं, तेव्हापासून हे रोज स्वतःच्या हाताने गोळी काढून देतात आणि ती गिळल्याशिवाय गिरणीचा पट्टा चढवत नाहीत. मी हसले नाही. वीस वर्षं गिरणीच्या आवाजात राहून केरबाचे कान गेले होते आणि म्हणून तो ओरडून बोलायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही होतं. पण त्या दिवशी मला त्या आवाजात नुसता राग ऐकू आला.

"सगुणाताई, हे कुणी केलं?" मी विचारलं. सासूबाईंचा शब्द मोडला तो असा.

ती गोंधळली. तिने आधी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"कुणी न्हाई वो काकू. आपोआप उठतंय."

"असं आपोआप कुठं उठतं?"

"उठतंय खरं. तुमी नका मनाला लावून घेऊ."

मार खाणाऱ्या सगळ्या बायका असंच बोलतात. दारावर आपटले, उंबऱ्यात पडले, आपोआप उठलं. मी हातांत अकरा-अकरा बांगड्या भरल्या, वर माझ्याकडची एक बांगडी घातली. प्रत्येक बाईला भरून झाल्यावर एक बांगडी मी माझी म्हणून घालते, सौभाग्याची. सगुणाने वाकून नमस्कार केला, माझ्या ओटीत तांदूळ आणि नारळ घातला, आणि मी पेटी उचलून बाहेर पडले.

तिला न्यायला मुराळी म्हणून तिचा भाऊ हिंदुराव आला होता. कट्ट्यावर पान लावत बसला होता. धिप्पाड माणूस, पण बहिणीच्या बाबतीत हळवा. आईबाप लवकर गेले आणि त्याने तिला वाढवलं, हे मला ठाऊक होतं. मी पायऱ्या उतरले, दोन पावलं पुढे गेले आणि परत फिरले.

"हिंदुरावदादा, बहिणीचे हात एकदा बघून घ्या," मी म्हणाले.

त्याने पान खाली ठेवलं. काय ते नीट सांगा म्हणाला. मी सांगितलं. मनगटावर बोटं उमटलीत, कोपर काळंनिळं आहे, आणि विचारलं तर ती लपवते. माझं नाव घेतलंत तरी चालेल, असंही वर सांगितलं. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे खोटं कशाला बोलू. घरी जाताना पेटी हलकी लागत होती.

दुपारच्या गाडीला सगळं स्टँडवर झालं. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून पाहत होते. सगुणा गाडीत चढून खिडकीपाशी बसली होती. हिंदुराव दारात. आणि केरबा गिरणी तशीच टाकून, पिठाच्या अंगाने धावत आला. हातात काहीतरी नाचवत ओरडत होता. हिंदुरावने खाली उतरून त्याची गचांडी धरली.

"पुन्ना बोरगावची पायरी चढायची न्हाई. माझी भन मी मार खायाला दिली न्हाई तुला."

"कुणी मारली?" केरबा ओरडला.

"कासारकाकूंनी डोळ्यांनी बगितलंय."

केरबा माझ्याकडे वळला. स्टँडवरचे सगळे लोक वळले. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतून सगुणाने मान हलवली, नको नको म्हणून, आणि त्याने तोंड मिटलं. बिचारी किती भेदरली आहे, असं माझ्या मनात आलं. हिंदुरावने एक ठेवून दिली. केरबाने उलटून हात उचलला नाही. टोपी उचलली, झटकली, आणि खिडकीखाली जाऊन हातातलं सगुणाला दिलं. गोळ्यांची पाकिटं होती.

"न्याहारी झाल्यावर," तो तिला म्हणाला. "रोजच्या रोज. चुकवू नगंस."

गाडी गेली. लोक पांगले. शेजारचा हॉटेलवाला मला म्हणाला, काकू, धाडस केलंत. त्या दिवसापासून केरबाच्या गिरणीकडे जाणारी दळणं कमी झाली. बायका मुद्दाम पाटलाच्या गिरणीपर्यंत चालत जात आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवत.

आठ दिवसांनी मी बोरगावला गेले. लग्नघरच्या बांगड्या माझ्याकडेच होत्या. हळदीच्या आदला दिवस होता. हिंदुरावच्या बायकोने मला दारातच हाताला धरून आत नेलं, सगळ्यांत आधी चहा मला, पाटावर बसायचा मान मला. सुवासिनींमध्ये बसवून ती सांगत होती, या बाई नसत्या तर आमच्या वन्संचं काय झालं असतं. आलेल्या बायका माझ्याकडे आदराने बघत होत्या. एकीने तर मला पुष्पाच्या गोष्टीसारखी एक गोष्ट सांगितली आणि म्हणाली, तेव्हा तुमच्यासारखं कुणी नव्हतं. मी नको नको म्हणत सगळं ऐकत होते.

सगुणाच्या दोन बांगड्या कामात पिचून वाढल्या होत्या. त्या भरायला ती शेवटी माझ्यासमोर बसली. चेहरा ओढलेला होता. दात घासताना हिरड्यांतनं रगत येतंय, असं ती भावजयीला सांगत होती. माहेरी आल्यावर माणसाने खावं-प्यावं, म्हणून भावजय तिला चिडवत होती.

मी पदर बाजूला केला.

जुने डाग पिवळट पडले होते. त्यांच्या शेजारी नवे होते. दंडावर एक मोठा, कोपराखाली दोन, आणि ठिपके तर आता गळ्यापर्यंत चढलेले. ती पाय मुडपून बसताना पोटऱ्या दिसल्या, त्यांवरही तेच. केरबाची सावली आठ दिवस तिच्यावर पडली नव्हती. इथे तिला कोण मारत होतं?

मी नेहमीसारखं तेल लावलं, बोटांची मोळी केली, मनगटाच्या वर धरून दोन्ही बांगड्या चढवल्या. दोनच बांगड्या, वेळ तो काय लागणार. मग पुढच्या बाईचं भरायला घेतलं. ते होईपर्यंत सगुणा तिथेच बसून होती. पुढच्या बाईचे दोन्ही हात भरून झाले आणि मी सहज सगुणाच्या हाताकडे पाहिलं.

मी जिथे धरलं होतं तिथे आतल्या बाजूला अंगठा उठला होता. बाहेर एकाखाली एक तीन बोटं. तीनच, कारण माझं पहिलं बोट वाकत नाही.

सगळ्या बायका बोलत होत्या. हसत होत्या. मी माझा हात माझ्याच मांडीवर उताणा ठेवून पाहत होते. चार दिवस आधी माप घेताना मी तिला असंच धरलं होतं, याहूनही घट्ट. दुनियेच्या बायकांचे हात वाचणाऱ्या मला माझीच बोटं ओळखू आली नव्हती.

सगुणानेही पाहिलं होतं. तिने पदर ओढून मनगट झाकलं आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काकू. लगीनघर हाय."

ते ऐकून मला बरं वाटलं. हेच मला आज सांगायला सगळ्यात जड जातं. त्या क्षणी उठून हिंदुरावला हाक मारायला हवी होती, हिला दवाखान्यात न्या म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मला सुटल्यासारखं झालं, की ही बोलणार नाही. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं मी मनाशी ठरवलं. निघताना हिंदुरावच्या बायकोने मला लुगडं नेसवलं. मी ते नेसून घरी आले.

लग्नाच्या दिवशी मला मुद्दाम बोलावणं होतं. मांडवात पहिल्या रांगेत मी बसले होते. अक्षता व्हायला थोडा वेळ होता, आणि मांडवाच्या तोंडाशी केरबा येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात आहेराची पिशवी. अंगावर कुठे पिठाचा कण नव्हता. त्याला असा स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता.

हिंदुराव पुढे झाला. "पावणं, हितंच थांबायचं."

"मी आहेर द्याय आलोय. आन तिला बगाय."

"तुला सांगितलं हुतं."

"मी तिला हात लावलेला न्हाई," केरबा म्हणाला. त्याने हळू बोलायचा प्रयत्न केला होता, तरी ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. वाजंत्री थांबली.

सगुणा आतून दारापर्यंत आली. "दादा, त्येंनी मला कदी हात लावला न्हाई," ती म्हणाली. हिंदुरावने तिच्याकडे लक्षही दिलं नाही. तो माझ्याकडे वळला.

"काकू, समद्यांसमोर सांगा. तुमी काय बगितलं?"

आता सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. सगुणाही पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती फक्त वाट बघत होती. मी बोलेन असं तिला वाटत होतं. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. माझ्या अंगावर त्यांनीच दिलेलं नवं लुगडं होतं, आणि शेजारी बसलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरं सांगावं तर एका वाक्याचं काम होतं.

"मी बघितलं तेच सांगितलं," मी म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. पण त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही. सगुणाने मान खाली घातली आणि आत गेली.

केरबाने वाद घातला नाही. आहेराची पिशवी मांडवाच्या खांबाशी ठेवली. मग खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून ते त्या पिशवीवर ठेवलं. "आधीच्या संपत आल्या असतील," तो म्हणाला आणि चालू लागला. पाकीट एका बाईने उचलून आत सगुणाला नेऊन दिलं. मी ते बघत होते. वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाच्या नाकातून रक्त यायला लागलं. थंड पाणी मारलं, कांदा हुंगवला, थांबेना. हिंदुराव तिला जीपमध्ये घालून साताऱ्याला घेऊन गेला. पुढचं मला गावात कळलं ते असं. तिथल्या डॉक्टरांनी तिचे हातपाय पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, गोळ्या कुठल्या चालू आहेत. रक्त तपासलं. रक्त गोठवणाऱ्या पेशी असतात, त्या तिच्या अंगात नावापुरत्या उरल्या होत्या. प्रेशरच्या त्या गोळीने शंभरात नव्हे, हजारांत एखाद्याला असं होतं, म्हणाले. मग कातडीखाली रक्त उतरतं, नुसतं धरलं तरी डाग उठतात. आणखी चार दिवस गोळी चालू राहिली असती आणि हेच रक्त डोक्यात उतरलं असतं तर काही हातात राहिलं नसतं. मारहाणीचं हिंदुरावने सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून विचारलं म्हणे, कुणी पाहिलं होतं?

हिंदुराव तिथूनच रहिमतपूरला आला आणि भर पेठेत गिरणीच्या दारात केरबाच्या पायांवर डोकं ठेवलं. गिरणी आमच्या दुकानाच्या पायरीवरून दिसते, हे मी तिथूनच पाहिलं. केरबाने त्याला उठवलं, पट्टा उतरवला, गिरणीला कुलूप घातलं आणि दोघे मिळून साताऱ्याला गेले. मी पायरीवरून उठून आत गेले. पायऱ्या उतरून मीही तेच करायला हवं होतं, पण मला लाज वाटली आणि त्या लाजेने मला आणखी लाजिरवाणं काम करायला लावलं. मालकांना मी सांगितलं की माझं डोकं दुखतंय.

गोळी बंद केल्यावर पंधरा-वीस दिवसांत सगुणा बरी झाली. दुसरी गोळी सुरू झाली. ती घरी आल्याचं कळलं. बायका भेटून आल्या. मी गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन, करत राहिले. गावात मला कुणी तोंडावर काही बोललं नाही. उलट, डाग होते ते होतेच, कासारकाकूंना तरी काय माहीत, असं म्हणून लोकांनी मला सोडून दिलं. बोटांचं कुणाला ठाऊकच नव्हतं.

महिन्याभराने, टळटळीत दुपारी, केरबा दुकानात आला. मालक जेवायला गेले होते. मी एकटीच होते. तो पिठाने पांढरा होता आणि पायरीच्या खाली उभा होता.

"काकू, बांगड्या पायजेत," तो म्हणाला. "हिरव्या. डझनभर."

मी उठून उभी राहिले. "मी येते ना घरी. भरून देते," म्हणाले.

"नगं," तो म्हणाला. त्याने सदऱ्याच्या खिशातून चिंधीत गुंडाळलेली एक जुनी बांगडी काढली आणि फळीवर ठेवली. "ह्या मापाच्या द्या. मी भरीन घरी. हळूहळू भरतो म्हंजे लागत न्हाई तिला."

गावात नवऱ्याने बायकोला बांगड्या भरल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी बांगडी हातात घेतली. सव्वादोनची. माझ्याच दुकानातली. मी बांगड्या काढायला वळले आणि वळल्यावरच मला बोलता आलं. त्याच्या तोंडाकडे बघून ते झालं नसतं.

"केरबाभाऊ, तिच्या मनगटावरचे ते डाग माझ्या बोटांचे होते."

मागून काही आवाज आला नाही. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून मी वळले, आणि तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणाले. रस्त्यावर कुणी असतं तर त्यालाही ऐकू गेलं असतं.

"ठाव हाय," तो म्हणाला. "तुमी माप घिऊन गेला त्याच दिसी सांच्याला उठलं हुतं. तवाच बगितलं मी. पर ही म्हनली, काकूंना कळू दिऊ नगा. त्येंचं पोटच हातावर हाय, मनाला लावून घेतील."

"मग स्टँडवर का नाही बोललात?"

"बोलनार हुतो. हिनं मान हलवली. खिडकीखाली ग्येलो तवा हळूच म्हनली, दादा दोन दिसांत शांत हुईल, काकूंचं नाव कशाला."

तो हे सांगत होता त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसणं सोपं गेलं असतं. मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आता आठवत नाही, रडत होते एवढं आठवतं. तो खाली मान घालून ऐकत राहिला, किंवा ऐकू येत नसेल म्हणून नुसता उभा राहिला असेल. मग म्हणाला की गोळी तर त्याच्याच हाताने जात होती, दोन महिने, न चुकता. त्याला रोज तेच आठवतं.

मी बारा बांगड्या मोजून कागदात बांधल्या. सवयीने तेरावी हातात घेतली, आणि थांबले. ती द्यावी असा माझा अधिकार राहिला आहे असं वाटेना. मी ती परत डब्यात ठेवू लागले.

"ती बी द्या," केरबा म्हणाला. "मोजती ती. वरची नसली तर म्हनंल, काकू रागावल्या."

मी ती बांगडी पुडीत घातली. त्याने आपली मापाची जुनी बांगडी उचलून परत चिंधीत गुंडाळली, खिशात ठेवली आणि पुडी छातीशी धरून तो गेला.

त्यानंतर सगुणा अकरा वर्षं जगली. मी तिच्या घरी गेले, पुष्कळदा गेले. तिने मला चहा दिला, माझी ओटी भरली, त्या दिवसाबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. बांगड्या प्रत्येक सणाला माझ्याच दुकानातून गेल्या, वरच्या एकीसकट. न्यायला केरबा यायचा, दर वेळी मापाची बांगडी घेऊन. ते माप मला तोंडपाठ होतं हे त्यालाही माहीत होतं, तरी तो ती फळीवर ठेवायचा. तिचा हात त्याने मला पुन्हा धरू दिला नाही.